गेम कसा बनतो तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गेमबद्दल काही आलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच वाचते, आणि बहुतेक वेळा विषय एकच असतो, मुलं मोबाइलला चिकटलीत, डोळे बिघडले, झोप उडाली, अभ्यासाचं वाटोळं झालं. ती काळजी खरी आहे, त्यावर लिहायलाच हवं. पण गेम ही कुणीतरी बसून, डोकं लावून, घासून पुसून बनवलेली वस्तू असते हे मात्र त्यातून कधी कळतच नाही. नाटकावर लिहिताना नेपथ्य कसं होतं, प्रकाशयोजना जमली का, दुसरा अंक का पडला हे सगळं लिहिलं जातं ना, मग गेमबद्दल असं कुणी का लिहीत नाही हा माझा साधा प्रश्न आहे. मी सध्या उजेड आणि अंधारावरचा एक छोटा पझल प्लॅटफॉर्मर बनवतेय, तेव्हा त्याचंच उदाहरण घेऊन सांगते. पत्र लांबणार आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

प्लॅटफॉर्मर म्हणजे ज्यात एक पात्र पळतं, उड्या मारतं, एका फळीवरून दुसरीवर जातं तो प्रकार. १९८१ चा डाँकी काँग, १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स, हे बऱ्याच जणांना नावाने तरी माहीत असतील. पझल प्लॅटफॉर्मरमध्ये उडी असतेच पण नुसत्या उडीने भागत नाही, पुढचा रस्ता डोक्याने शोधावा लागतो, पेटी कुठे सरकवायची, कुठलं दार आधी उघडायचं वगैरे. २००८ साली ब्रेड नावाचा गेम आला, त्यात वेळ मागे नेता यायचा आणि सगळी कोडी त्या एका गोष्टीतून निघायची. एकच नियम घ्यायचा आणि त्याच्यातून जेवढं निघेल तेवढं काढायचं, या प्रकाराची खरी गंमत मला तरी तिथेच वाटते.

माझ्या गेमचा नियम असा आहे की अंधार घट्ट आहे आणि उजेड पोकळ आहे. म्हणजे जिथे सावली पडते तिथे भिंतीसारखं भरीव होतं, त्यावर उभं राहता येतं, आणि जिथे उजेड पडतो तिथे मोकळी जागा. पात्राच्या हातात एक कंदील असतो, तो उचलता येतो, खाली ठेवता येतो, बस एवढंच. याच्या बरोब्बर उलटा नियम असलेला क्लोजर नावाचा गेम २०१२ साली आला होता, त्यात उजेडात दिसतं तेवढंच खरं असतं आणि अंधारात पाय टाकला की तुम्ही खाली पडता. लिंबो २०१० चा, डेन्मार्कमधल्या प्लेडेड या कंपनीचा, पूर्ण काळा-पांढरा. २०१३ च्या काँट्रास्टमध्ये एक मुलगी भिंतीवरची सावली होऊन इतर वस्तूंच्या सावल्यांवरून चालत जाते. म्हणजे उजेड-अंधार हा विषय काही नवीन नाही, आणि तो नवीन असायला हवा असंही मला वाटत नाही. नियम तुमचा असला आणि तो शेवटपर्यंत पाळला की गेम तुमचा होतो.

आता पहिली लेव्हल, म्हणजे गेममधली पहिली खोली, बघा. समोर एक खड्डा आहे, उडीच्या आवाक्याच्या बाहेर. कंदील हातात धरून काठापाशी उभं राहिलात तर उजेड वरून तिरका खड्ड्यात शिरतो, बराचसा खड्डा उजळतो, म्हणजे पोकळ होतो, म्हणजे पडणार. पण थोडं मागे येऊन कंदील जमिनीवर ठेवला की उजेडाची रेघ जमिनीला लागून सरळ आडवी जाते, खड्ड्यात काहीच उतरत नाही, खड्डा काठोकाठ अंधाराने भरतो आणि त्यावरून चालत पलीकडे जाता येतं. यासाठी कंदिलाची ज्योत मी मुद्दाम अगदी बुडाशी ठेवलीय, नाहीतर ती जमिनीपासून जरा जरी वर असली तरी पलीकडच्या काठाला एक पायरी तयार होते. आणि खेळणारा पलीकडे पोचला की त्याला कळतं की आपण तर आलो पण कंदील मागेच राहिला, आणि पुढच्या खोलीत तोच लागणार आहे. पुढची सगळी कोडी या एका अडचणीतून निघतात.

मग पेटी येते. कंदील पेटीच्या डाव्या बाजूला असेल तर सावली उजवीकडे पडते, आणि त्या सावलीची वरची कड कशी असेल हे फक्त ज्योतीच्या उंचीवर ठरतं. ज्योत पेटीच्या वरच्या कडेइतक्याच उंचीवर असली की सावली सपाट, पुलासारखी. ज्योत त्याहून खाली असली की सावलीची कड वर चढत जाते, चढ तयार होतो. ज्योत वर असली की उतार. आणि कंदील पेटीच्या जितका जवळ सरकवाल तितका चढ उभा. शाळेत समरूप त्रिकोण शिकतो ना आपण, तेच, दुसरं काही नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडतं की यात शिकवण्यासारखं काही लिहून दाखवावं लागत नाही, खेळणारा कंदील इकडेतिकडे ठेवून बघतो आणि हाताने भूमिती शिकतो. मी गेममध्ये सूचनेची एकही ओळ ठेवलेली नाही.

नियम सांगायला सोपा वाटला तरी त्याच्या पोटात काय काय दडलंय ते बनवायला बसल्यावर समजतं. उदाहरणार्थ खऱ्या जगात उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, अंतर दुप्पट झालं की उजेड पाव. गेममध्ये तसं केलं तर लांबची जागा हळूहळू अंधारी होणार, आणि अंधार घट्ट असल्यामुळे पूर्ण जग हळूहळू घट्ट होत जाणार, मग पाय नेमका कुठे टिकणार? पाय एकतर टिकतो नाहीतर टिकत नाही, यात मधलं काही चालत नाही. म्हणून माझ्या गेममधला उजेड भिंतीला लागेपर्यंत अजिबात कमी होत नाही, आणि खोल्या बंद आणि लहान आहेत. दुसरं, पात्राची स्वतःची सावली पडत नाही. पडली असती तर कंदील ठेवून पुढे निघालेला माणूस आपल्याच सावलीवर आपटला असता, कारण ती पुढ्यातच भरीव उभी. तिसरं, कंदील विझवता येत नाही, कारण विझला तर खोली भरून जाईल आणि पात्र आत गाडलं जाईल. फिजिक्सच्या दृष्टीने हे सगळं चुकीचं आहे, पण गेमच्या दृष्टीने बरोबर आहे कारण हे नियम पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत तेच राहतात.

आणि इथे मला जे म्हणायचंय त्यातली मुख्य गोष्ट येते. अंधाराच्या गेममध्ये एक सोपा मार्ग असतो, अंधारात काटे लपवायचे, खेळणारा त्यावर पडला की मरणार, मग त्याला लक्षात ठेवायला लावायचं की इथे काटे होते. लिंबोमध्ये मरून मरून शिकणं हा मुद्दाम घेतलेला निर्णय आहे आणि तिथे तो शोभतो, कारण त्या गेमचा मूडच भीतीचा आहे. पण कोड्याच्या गेममध्ये मला हे पटत नाही. कोडं म्हणजे सगळी माहिती समोर ठेवून विचारलेला प्रश्न. माहितीच लपवली तर ते कोडं राहत नाही, नुसता नशिबाचा भाग होतो. म्हणून माझा स्वतःसाठी नियम आहे की अंधाराने काहीही लपवायचं नाही. खोलीत काय काय आहे ते आत आल्या आल्या दिसलं पाहिजे, सावलीच्या आतल्या वस्तूंच्या सुद्धा बारीक कडा दिसतात, फक्त त्याचं करायचं काय ते दिसत नाही.

याचाच पुढचा भाग म्हणजे सावलीची कड. स्क्रीनवर जो उजेड दिसतो तो कॉम्प्युटरमधलं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड रंगवतं, आणि पाय जिथे टिकतो ती रेघ माझा कोड, म्हणजे मी कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना, वेगळी मोजतो. मोजायची पद्धत अशी की कंदिलापासून प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक कोपऱ्याकडे एक किरण सोडायचा, आणि त्या कोपऱ्याच्या अगदी जरासा अलीकडून आणि पलीकडून आणखी एकेक, ते कुठे जाऊन आदळतात ते बिंदू कोनाच्या क्रमाने लावायचे आणि जोडायचे, की उजळलेल्या भागाचा आकार मिळतो. उरलेला तो अंधार. आता खऱ्या दिव्याची सावली कडेला मऊ असते, धूसर, आणि दिसायला ती फार छान दिसते, इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, एक सेटिंग बदललं की होते सुद्धा. पण मऊ कड दिसली की खेळणाऱ्याला पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही, त्याला वाटतं इथे उभं राहता येईल आणि तो खाली जातो, आणि मग त्याचा गेमवरचा विश्वास उडतो. म्हणून चालायच्या जागी कड एकदम धारदार ठेवलीय, आणि मऊपणा फक्त मागच्या भिंतीवर, जिथे पाय लागणारच नाही. चित्र थोडं कमी सुंदर दिसतं हे मान्य आहे मला, पण डोळ्याला जे दिसतं आणि पायाला जे लागतं ते एकच असलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सावली हलायला लागली की वेगळीच कसरत सुरू होते. समजा कंदील पेटीच्या कोपऱ्यापासून १ घर (गेममधलं अंतर मी चौकोनी घरांत मोजते) लांब आहे आणि पात्र कोपऱ्याच्या पलीकडे १० घरं लांब सावलीवर उभं आहे, तर कंदील जेवढा वर जाईल त्याच्या १० पट ती कड खाली जाणार. म्हणजे कंदील नुसता हलला तरी लांबची कड पात्राच्या पळण्यापेक्षा जोरात हलते. काही लेव्हलमध्ये कंदील एका गाडीवर आहे आणि ती आपोआप पुढेमागे होते, तिथे सावली पात्राला उचलून छताला चेपू शकते. साध्या गेममध्ये तिथे पात्र मेलं असतं आणि लेव्हल पुन्हा सुरू. माझ्याकडे पात्राला जागा उरत नाही असं दिसलं की गाडी थांबते आणि पात्र हलल्यावरच पुढे जाते. यातून पुढे एक कोडंही निघालं, गाडी हवी तिथे थांबवण्यासाठी स्वतः मध्ये उभं राहायचं. कोडमध्ये क्रमही पाळावा लागतो, प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर दर क्षणी येणाऱ्या नव्या चित्राला, आधी कंदील, मग सावली, मग पात्र, हा क्रम उलटा झाला की पात्र एक फ्रेम मागे राहतं आणि कडेवर उभं असताना थरथरतं.

उडीबद्दल थोडंसंच सांगते कारण यावर बाकीच्यांनी भरपूर सांगून ठेवलंय. काठावरून पाय सुटल्यावर सुद्धा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी घेऊ द्यायची, याला कोयोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकायच्या जरा आधी बटन दाबलं तरी ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी द्यायची. वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी, खाली येताना जास्त. हे खेळणाऱ्याला कळत सुद्धा नाही, त्याला फक्त वाटतं की हाताला बरं लागतंय. सेलेस्ट नावाच्या गेममध्ये ही कारागिरी शिकण्यासारखी आहे, आणि त्याचं पहिलं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी ४ दिवसांत बनवलं होतं, पूर्ण गेम मग २०१८ ला आला. माझ्याकडे कोयोटी टाइम नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवलाय कारण इथे काठ स्वतःच हलतो.

पण उडीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे खड्ड्याची रुंदी, आणि हे मला कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये एवढं ठासून सांगितलेलं दिसलं नाही. पात्राची उडी समजा ४ घरांची आहे. तर खड्डा एकतर ३ घरांचा ठेवायचा नाहीतर ६ चा. साडेचारचा कधीच ठेवायचा नाही. कारण साडेचार घरांचा खड्डा बघून माणसाला वाटतं की थोडक्यात हुकलं, अजून जरा काठावरून उडी घेतली तर जमेल, आणि तो तिथेच उड्या मारत बसतो, विचार करतच नाही, आणि शेवटी वैतागून गेम बंद करतो. ६ घरांचा खड्डा मात्र बघताक्षणी सांगतो की उडीने होणार नाही, काहीतरी दुसरं शोध. पझल प्लॅटफॉर्मरमध्ये डोकं आणि बोटं दोन्ही लागतात, पण उत्तर डोक्याला सापडल्यावर बोटांनी अडवायचं नाही, आणि उत्तर सापडलेलं नसताना बोटांनी खोटी आशाही दाखवायची नाही.

टेस्टिंगचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्याला खेळायला देऊन मी मागे गप्प बसते, काही सांगत नाही, हे फार अवघड जातं पण तेच करावं लागतं. एक शाळकरी मुलगा खेळत होता. त्या खोलीत सावलीच्या लांबच्या टोकावर एक दगड ठेवलेला होता आणि तो दगड वरच्या कोनाड्यातल्या बटनावर न्यायचा होता. माझ्या डोक्यातलं उत्तर म्हणजे कंदील हळूहळू पेटीकडे सरकवून चढ वाढवायचा. याने काय केलं, कंदील हातात धरला आणि जागच्या जागी उडी मारली. उडीबरोबर ज्योत वर गेली, लांबची कड धाडकन खाली गेली, तो खाली टेकला तशी कड सटकन वर आली आणि दगड सीसॉवर ठेवल्यासारखा उडाला. त्याने माझ्याकडे वळून बघितलं, परत उडी मारली, परत, आणि शेवटी दगड कोनाड्यात. मी हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. खाली येताना गुरुत्वाकर्षण जास्त ठेवलंय ना, ते फक्त उडी हाताला बरी लागावी म्हणून, पण त्याच्यामुळेच कड वर येताना जास्त वेगाने येते आणि दगड फेकला जातो. दोन वेगळ्या कारणांनी घेतलेले निर्णय एकमेकांत असे अडकले. हे बंद करायचं की ठेवायचं हा प्रश्नच नव्हता, पुढच्या तीन खोल्या त्यावरच बांधल्यात. नियम प्रामाणिक असला की खेळणारा तुमच्या पुढे जाऊ शकतो, आणि तो पुढे गेलेला बघणं यासारखं सुख नाही, खरंच सांगते.

स्क्रीनचा मुद्दाही मोठा आहे. काळा रंग सगळ्या स्क्रीनवर सारखा नसतो. ओलेड स्क्रीनवर काळा पिक्सेल चक्क बंद होतो, एलसीडीच्या मागे दिवा चालूच असतो म्हणून तिथला काळा राखाडीकडे झुकतो, आणि उन्हात मोबाइल धरला तर दोन्हीवर अंधारातलं काही दिसत नाही, स्वतःचं तोंड दिसतं. शिवाय आकडे फसवतात, कॉम्प्युटरमध्ये रंग किती उजळ ते ० ते २५५ अशा आकड्यांत लिहितात, त्यातला १२८ हा आकडा निम्मा वाटतो पण तिथे स्क्रीन प्रत्यक्षात पूर्ण उजेडाच्या साधारण २२ टक्केच उजेड देते. म्हणून माझा अंधार काळा नाहीच, गडद निळा-जांभळा आहे, उजेड पिवळट, आणि मध्ये कडेची एक पांढरी बारीक रेघ. रंग ओळखायला अडचण असलेल्यांना सुद्धा फरक कळावा म्हणून चित्र रंग काढून पूर्ण राखाडी करून तपासते, तरीही रस्ता दिसला पाहिजे. आणि ज्यांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी कड हलताना एक बारीक गुणगुण ऐकू येते, कड वर गेली की सूर वर.

उजेडाच्या गेममध्ये लुकलुकणारा दिवा टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो, इथे मात्र मी फार कडक आहे. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश झपाझप चमकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. वेबसाठीचे जे सुगम्यतेचे नियम आहेत त्यात एका सेकंदात ३ पेक्षा जास्त वेळा चमक नको असं आहे, मी लुकलुक पूर्ण काढूनच टाकलीय. त्याने कोड्यात काहीही फरक पडत नाही मग कशाला ठेवायची.

काढून टाकलेल्या गोष्टींची यादी ठेवलेल्या गोष्टींपेक्षा मोठी आहे. आरसे होते डोक्यात. आरसा म्हणजे हिशोबाने त्याच्या मागे तेवढ्याच अंतरावर एक दुसरा कंदील, आणि समोरासमोर दोन आरसे आले की कंदिलांची रांगच. कॉम्प्युटर ते मोजेल हो, पण खेळणाऱ्याला खोलीत बघून सावली कुठे पडेल याचा अंदाज बांधता येईना, आणि अंदाजच बांधता येत नसेल तर कोडं सोडवणार कसं. म्हणून आरसे गेले. रंगीत कंदील गेले. दुसरा कंदील मात्र ठेवला, कारण त्याचा नियम एका ओळीत सांगता येतो, दोघांपैकी एकाचाही उजेड जिथे पोचत नाही तिथेच अंधार. छोटा गेम छोटा राहण्यासाठी असं सतत कापत राहावं लागतं, आणि मला वाटतं तरुण मुलांना कुणी सांगायला हवं ते हेच. गोडोसारखं इंजिन फुकट आहे, त्याचा कोड २०१४ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, त्यात २डी दिवे आणि सावल्या तयार मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतं. साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. अडचण असते ती पहिल्याच गेममध्ये मोठं जग, ऑनलाइन खेळणं, शंभर शस्त्रं असं सगळं हवं असण्याची, आणि मग तो कधी पूर्ण होत नाही.

आता परत तुमच्या बातम्यांकडे येते. गेम म्हणून आपण सगळं एकाच पोत्यात भरतो, पण रोज येऊन हजेरी लावली की बक्षीस, आज नाही आलात तर कालची कमाई गेली, पैसे भरा आणि पेटी उघडून बघा काय निघतं, अशा प्रकारे माणसाला सोडूच नये म्हणून बनवलेले गेम वेगळे, आणि सुरुवात-शेवट असलेले, दोन-तीन तासांत संपणारे, संपल्यावर माणसाला मोकळं करणारे गेम वेगळे. माझा गेम संपला की संपला, उद्या परत या असं तो सांगत नाही. हा फरक आईवडिलांना माहीत नसतो कारण त्यांना तो कुणी सांगतच नाही, मग ते दोन्ही बंद करतात नाहीतर दोन्ही चालू ठेवतात. एखाद्या मुलाने मला गेम बनवायचाय असं घरी म्हटलं तर त्याला खेळायचं निमित्त शोधतोय असंच ऐकावं लागतं, आणि त्यात भूमिती असते, चित्र असतं, आवाज असतो, दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज असतो, हे कुणाच्या गावीच नसतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. महिन्यातून एकदा, पुरवणीच्या कोपऱ्यात का होईना, एका छोट्या गेमवर लिहा. किती कमावले, किती डाउनलोड झाले ते नको. त्याचा नियम काय आहे, तो शेवटपर्यंत पाळलाय का, पहिली खोली काय शिकवते, कुठे तो खेळणाऱ्याला फसवतो आणि कुठे त्याच्यावर विश्वास टाकतो, असं लिहा, जसं नाटकाबद्दल लिहिता तसं. लिहिणाऱ्याने तो गेम पूर्ण खेळलेला असावा एवढीच अट. चांगला नसेल तर चांगला नाही असंही लिहा, आम्हाला त्याचीच जास्त गरज आहे, कारण ओळखीचे लोक छान आहे म्हणतात आणि अनोळखी लोक बोलतच नाहीत. माझा गेम तयार झाला की त्यावर लिहा असं मी म्हणत नाहीये, दुसऱ्या कुणाच्याही गेमपासून सुरू करा. आणि वाचकांपैकी कुणी असा गेम बनवत असेल आणि सावलीची कड मोजण्यात अडकला असेल तर त्याचे प्रश्न तुम्ही छापा, मला येतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं मी याच सदरातून लिहून पाठवीन.

कळावे,
आपली एक नियमित वाचक